घोडेवाल्यांचा म्हातारा

भिंगारच्या जुन्या बाजारात गनीभाईंचं वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान होतं. लष्कराच्या मेसमधल्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या. बसून बसून खोलगट झालेली जाळी कापून काढायची, वेत पाण्यात भिजत घालायचा आणि नवी जाळी विणायची, हा त्यांच्या वडलांपासूनचा धंदा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, मराठी वाचायलाही वेळ लागायचा. आणि तरीही एकोणसत्तर ते त्र्याहत्तर या काळात इंग्लंड-अमेरिकेतला कुठला बँड थोर आणि कुठला टुकार, याचा नगर-भिंगारपुरता शेवटचा निकाल हा माणूस देत असे. त्या निकालांना मी हजर होतो. काहींना माझा हातही लागलेला आहे, आणि त्यातल्या एकाची मला आजही लाज वाटते.

हे सगळं एका मेजरच्या बदलीमुळं झालं. हे मेजर प्रशिक्षणासाठी अमेरिकेत राहून आले होते आणि येताना तिथलं रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन आले होते. अडुसष्ट साली त्यांची बदली आसामकडे निघाली. गनीभाईंनी त्यांच्या आठ खुर्च्या विणून दिल्या आणि बदल्यात मशीन घेतलं. अमेरिकेची वीज आपल्या निम्म्या दाबाची, म्हणून मशीनबरोबर विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आला. शिवाय सतरा रेकॉर्डी आल्या. पुढं भिंगारातनं कुणीही साहेब बदलून निघाला की गनीभाई त्याच्या बंगल्यावर जाऊन पहिला प्रश्न विचारायचे, "साहब, गाना-बजाना कुछ छोडके जा रहे क्या?" असं करत दोन-तीन वर्षांत साठ-सत्तर रेकॉर्डी जमल्या. नगरच्या कॉलेजातसुद्धा एवढ्या नव्हत्या.

मला तिथं नेलं मच्छिंद्रनं. तो आणि मी सरकारी बांधकाम खात्यात कारकून, टेबलाला टेबल लागलेलं. तो भिंगारचाच, गनीभाईंच्या बरोबरीनं चौथीपर्यंत शिकलेला आणि पुढं मॅट्रिक झालेला. रेकॉर्डीवरची इंग्रजी नावं वाचून सांगायचं काम त्याचं. गनीभाई एकदा ऐकत आणि लगेच विसरत, कारण त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. कव्हरवर जे चित्र, तेच त्या बँडचं नाव. घोडेवाले, चष्मेवाले, बंबवाले, टोप्यावाले. रोलिंग स्टोन्सला श्रीमंत नावाचा लष्करी शिंपी 'गडगडे' म्हणायचा. फक्त बीटल्सचं नाव सगळ्यांना पाठ होतं. ते फुटल्याची बातमी भिंगारला वर्षभर उशिरा आली आणि मच्छिंद्रनं त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा बैठक बसायची. आठ-नऊ माणसं, एक बाकडं, बाकीचे अर्धवट विणलेल्या खुर्च्यांच्या कडांवर तोल सांभाळून. गनीभाई मधे मांडी घालून जाळी विणत बसलेले. हात वेतात आणि कान मोकळे, अशी त्यांची कामाची रीत होती. एका खुर्चीला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं तर ते तास सांगत नसत. घोडेवाल्यांच्या दोन्ही बाजू सात वेळा, असं सांगत.

वादाला एकच नियम होता. जे मशीनवर वाजेल ते खरं. मासिकात काय छापलं, रेडिओवर कोण काय म्हणालं, ते पुरावा म्हणून चालायचं नाही. "गाणं लावून दाखव, मंग बोल," एवढंच. नियम मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. कोर्टातसुद्धा इतकी सोय नसते. रेडिओवर तीच गाणी जरा चपळ वाटायची, हे एक-दोघांच्या ध्यानात आलं होतं, पण गनीभाईंकडे त्याचं उत्तर तयार होतं. रेडिओवाल्यांना जाहिरातीला जागा करायची असते, म्हणून ते गाणी घाईत उरकतात. हे सगळ्यांना पटलं होतं.

बैठकीत दोन पक्ष होते, एक बीटल्सचा आणि एक घोडेवाल्यांचा. घोडेवाले म्हणजे मेजरच्या मूळ सतरापैकी एक रेकॉर्ड. कव्हरवर पाण्याच्या हौदाशी तीन घोडे आणि मागं केस वाढवलेले चार तरुण. बँडचं नाव लांबलचक होतं आणि कुणाच्याच जिभेवर बसत नव्हतं. पण त्यातला गाणारा! जड, खोल, संथ आवाज. प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवून मग पुढचा उचलायचा. गनीभाईंच्या मते हा माणूस साठीच्या पुढचा होता. हयातभर गाडी हाकलेली, बायको आधी गेलेली, आता कुणावर राग उरलेला नाही. शब्द कळत नसताना एवढं सगळं त्यांना कळलं होतं. मच्छिंद्र कव्हरवर बोट ठेवून म्हणायचा, "अरं, ह्यात म्हातारा कुठाय? चारी पोरंच हायत."

"म्हातारा फोटूला आला न्हाई," गनीभाई म्हणायचे. "असल्या मान्सांना फोटूचा सोस नसतो."

बीटल्स दर वेळी हरायचे. त्यांची रेकॉर्ड लागली की दुकानात जांभया सुरू व्हायच्या. मच्छिंद्र एकटाच पाय हलवत राहायचा. "हे असं नसतंय रे," तो म्हणायचा, पण कसं असतं ते त्याला दाखवता यायचं नाही. हात वर करून मतं घेतली जायची आणि घोडेवाले निवडून यायचे. मीही त्यांनाच मत द्यायचो. मला तो म्हातारा मनापासून आवडायचा.

एकाहत्तरच्या दिवाळीत मच्छिंद्र भाऊबीजेला पुण्याला बहिणीकडे गेला. पुढच्या रविवारी तो नऊलाच दुकानात हजर. सगळे जमेपर्यंत त्याला दम निघत नव्हता. बहिणीच्या शेजारी एका घरात हीच रेकॉर्ड, हेच तीन घोडे, त्यानं स्वतः ऐकली होती.

"म्हातारा-बितारा कुनी न्हाई," तो म्हणाला. "पोरगा हाय. आपल्यापेक्षा ल्हान. आन् गानं कसलं पळतंय!"

श्रीमंत एवढा हसला की खुर्चीच्या कडेवरून खाली आला. गनीभाई हसले नाहीत. त्यांनी वेत बाजूला ठेवला, रेकॉर्ड पुसली, लावली. म्हातारा गायला लागला, नेहमीसारखाच, कसलीही घाई नसलेला.

"ऐकलंस?"

"हितं असं वाजतंय. तिथं तसं न्हवतं. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"मंग तुझं कान पुन्यातच ऱ्हायले," गनीभाई म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. मग त्यांनी मतं मागितली. मच्छिंद्र खोटं बोलतोय असं कुणाकुणाला वाटतं? सात हात वर गेले. सहावा माझा. मला तो खोटं बोलत नाही हे माहीत होतं. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो. साधी रजेची चिठ्ठी लिहितानासुद्धा तो आजाराचं नाटक करायचा नाही. पण सगळ्यांचे हात वर होते आणि गाणं तर समोर वाजत होतं.

"खोटं बोललो म्हन, विषय संपला," गनीभाई म्हणाले.

"न्हाई म्हननार."

"मंग खोटारड्याला माज्या दुकानात जागा न्हाई."

मच्छिंद्र उठला, चपला घातल्या आणि गेला. ऑफिसात तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. डिसेंबरात लढाई लागली, भिंगार अर्धं रिकामं झालं. त्यानंतरचं वर्ष दुष्काळाचं. मच्छिंद्रची बदली पाथर्डीकडच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून म्हणून झाली. त्यानं जाताना मला निरोपाचा चहा पाजला, पण गनीभाईंचं नाव काढलं नाही.

दुकानात बैठक चालूच राहिली. बाकड्याच्या डाव्या टोकाला मच्छिंद्रची जागा होती. तिथं कुणी टेकलं की गनीभाई म्हणायचे, "सरका, तिथं वेत ठेवायचाय," आणि खरोखरच ओल्या वेताचा भारा आणून ठेवायचे. त्यांच्या पत्नी जरीना चहा द्यायला यायच्या. एकदा त्या भाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचा वेत आता बाकड्यावर बसून च्या पिनार." गनीभाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत लष्कराच्या वर्कशॉपमधले एक मल्याळी हवालदार खुर्ची न्यायला आले. मीही तिथं होतो. मशीन वाजत होतं. त्यांनी थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं आणि विचारलं, "ये इतना धीरे क्यों चलता?" मग गाणं थांबवून त्यांनी मशीन उचललं आणि बुडाखालची पत्र्याची पट्टी वाचली. मशीन साठाचं निघालं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास, आणि ही मोटर हेलकाव्यांच्या तालावर फिरते. म्हणून सहा फेऱ्यांच्या वेळात हिच्या पाचच होतात. आवाज त्यामुळं जड होतो आणि गाणं लांबतं.

"ट्रान्सफॉर्मर लगाया है," गनीभाई म्हणाले.

"वो वोल्ट का इलाज है, भाई. इसका नहीं." हवालदारांनी रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावरचे आकडे दाखवले. गाण्यापुढं दोन-पंचावन्न असं छापलेलं होतं. ते आकडे आम्ही सगळ्यांनी पाचशे वेळा बघितले होते आणि कारखान्याचे नंबर समजून सोडून दिले होते. ती मिनिटं होती. "घडी लगाके देखो," म्हणून हवालदार खुर्ची घेऊन गेले.

गनीभाईंनी माझं घड्याळ मागून घेतलं. दोन मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं संपायला साडेतीन मिनिटं लागली. त्यांनी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं, मग बीटल्स. बीटल्सही तेवढेच मागं पडत होते. चार वर्षं आम्ही त्यांना झोपेत गायला लावत होतो आणि आळशी ठरवत होतो.

पुढच्या रविवारी त्यांनी सुई तुटली असं सांगून बैठक बंद ठेवली. खणात पाच सुया होत्या हे मला माहीत होतं. त्यानंतर लगेच आम्ही दोघं मशीन पिशवीत घालून नगरला गहिनीनाथ टर्नरकडे गेलो. त्यानं मोटरच्या दांड्याचं माप घेतलं, हिशेब केला आणि दांड्यावर घट्ट बसेल अशी पितळेची बारीक टोपी लेथवर काढून दिली. दांडा जाड झाला की चाक जोरात फिरणार, एवढं साधं होतं ते. करंगळीच्या नखाएवढी वस्तू.

दुकानात येऊन त्यांनी घोडेवाले लावले. जरीनाभाभी दारात उभ्या होत्या. गाणं सुरू झालं ते धावतच. कोणी एक विशी-बाविशीचा मुलगा उत्साहानं गात होता. चांगलं गात होता, वाईट नव्हता. पण त्याला आयुष्यात काही झालेलं नव्हतं.

"आत्ता कुठं मान्सासारखा गातोय," जरीनाभाभी म्हणाल्या.

गनीभाईंनी रेकॉर्ड पूर्ण ऐकली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "चार वरसं मी ह्या मान्साबरोबर बसून काम केलंय," ते मला म्हणाले. "आब्बा गेल्यावर इतकं कुनाचं ऐकलं न्हवतं."

मला त्यांची दया आली, आणि दयेपोटी माणूस देतो तसला सल्ला मी दिला. म्हटलं, टोपी काढून टाका. हवालदार कुणाला सांगत फिरणार नाही, मीही गप्प राहीन. बैठक पहिल्यासारखी चालू द्या. इतर कुणालाच काही माहीत नाही.

"मच्छिंदरला माहीत हाय," गनीभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं पाथर्डीला गेलो. गावाबाहेर रस्त्याचं काम होतं. दोन-अडीचशे माणसं रांगेनं खडी फोडत बसलेली. ताडपत्रीच्या सावलीत एका खोक्यावर मच्छिंद्र हजेरीपट मांडून बसला होता. उन्हानं काळा पडला होता. आम्हाला बघितलं, पण हजेरी मोडली नाही. "चांगुणा सहादेव," "गोजरबाई भिमाजी," करत शेवटच्या नावापर्यंत गेला, मगच पेन्सिल खाली ठेवली.

गनीभाई उभेच होते. जवळच्या बायका हातोडे थांबवून बघायला लागल्या. गनीभाईंनी त्यांच्यासमोरच सांगितलं. आवाज काही खाली घेतला नाही.

"मशीन खोटं हुतं. तू खरा हुतास. मी तुला चार मान्सांत खोटारडा म्हनलो, ते चुकलो."

मच्छिंद्रनं हजेरीपट मिटला. मग म्हणाला, "पंदरा म्हैने लागलं तुला?"

"मशीनला लागलं. मला आठ दिस."

माझ्याकडे वळून मच्छिंद्रनं विचारलं, "आन् तू?"

मी हात वर केला होता हे त्यानं बघितलेलं होतं. मी म्हणालो, मला तेव्हाही ठाऊक होतं तू खरं बोलतोयस. तो म्हणाला, "मंग तुजं गनीपेक्षा वाईट." त्याचं बरोबर होतं. तो राग त्यानं माझ्यावर बरेच दिवस ठेवला.

मग त्यानं आम्हाला मडक्यातलं पाणी दिलं. त्या दिवसांत तिथं पाणी देणं ही साधी गोष्ट नव्हती. गनीभाईंनी टोपीची, हवालदाराची, मिनिटांची सगळी हकीकत सांगितली. मच्छिंद्र ऐकत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी म्हातारा...?"

"न्हवताच."

"वाईट झालं," मच्छिंद्र म्हणाला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी पुन्हा पाहिला नाही.

रविवारी तो भिंगारला आला. बाकड्यावरचा वेत गनीभाईंनी स्वतः उचलला. त्यांनी सगळ्या बैठकीला खरं काय ते सांगितलं आणि नव्या वेगानं आधी घोडेवाले लावले, मग बीटल्स. बीटल्सचं पहिलं गाणं सुरू झालं तशी मच्छिंद्रची मान आपोआप हलायला लागली. आता जांभई कुणालाच येत नव्हती. मला वाटलं, चला, वाद मिटला. पण श्रीमंत शिंपी उभा राहिला.

"गनीभाय, तुमी दुरुस्त करून बिघडवलं," तो म्हणाला. "हे काय गानं हाय? आमी चार वरसं ऐकलं ते आमाला पायजे. काडा ती टोपी."

आणि गंमत अशी की सगळे त्याच्या बाजूनं झाले. खरं-खोटं आम्हाला नको, आमचा म्हातारा आम्हाला द्या, असं एकेक जण म्हणायला लागला. जो-तो त्या आवाजाच्या आठवणी सांगू लागला. एकाची आई वारली तेव्हा त्यानं तेच गाणं येऊन ऐकलं होतं. दुकानात सुतकासारखं वातावरण झालं. गनीभाई खाली मान घालून एकच वेत बोटांत फिरवत होते. त्यांना काय हवंय ते सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी मच्छिंद्रच म्हणाला, "गनी, काड टोपी. एकदा लाव म्हाताऱ्याला. माजी काय हरकत न्हाई. मलाबी ऐकायचाय."

गनीभाईंनी मान हलवली.

"अरं, एकदाच."

"नको," ते म्हणाले. "एकदा ऐकला की पुन्ना आवडंल. आन् त्यो आवडाय लागला की तू खोटा वाटाय लागतोस."

गनीभाईंनी बीटल्सची रेकॉर्ड उलटी केली आणि लावली. मग खुर्ची पुढं ओढून ते विणायला बसले. गाणं पुढं जात होतं आणि हात मागं राहत होते. दर दोन-तीन टाक्यांनी ते थांबायचे आणि पुन्हा धरायचे.